बावन्न चौकोन

"निगेटिव्ह छापलंस की," आप्पा म्हणाले.

त्यांनी कागद खिडकीच्या उजेडाला धरला होता, उजवा डोळा मिटून. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून पाच आठवडे झाले होते आणि परवाच डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली होती. तेव्हापासून ते घरातली एकेक वस्तू त्या नव्या डोळ्याने तपासत सुटले होते. चहाच्या कपाची चीर, कॅलेंडरवरच्या देवाची बोटं, माझ्या गालावरचा कांजिण्यांचा वण. पांढरा रंग इतका पांढरा असतो हे आपण विसरूनच गेलो होतो, असं त्यांनी मला दोन दिवसांत चारदा सांगितलं होतं.

"आमच्यात असंच छापतात," मी म्हटलं. "कागद पांढरा, तारे काळे. फिकट ठिपके डोळ्याला बरे सापडतात."

"मग पस्तीस वर्षं मी दुसरं काय बघितलं?"

हे मात्र खरं होतं. मिरजेतल्या एका फोटो स्टुडिओत आप्पा टचिंग करायचे. लग्नाचे, मुलगी दाखवायचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो काढले की निगेटिव्ह त्यांच्या टेबलावर येई. तिरक्या काचेखाली आरसा, आरशात खिडकीचा उजेड, हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. मुरमं, वण, डोळ्याखालची काळी वर्तुळं ते काचेवरच बुजवत. फोटो कॉम्प्युटरवर गेले आणि त्यांचं टेबल माळ्यावर गेलं.

ही दिवाळीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होते, आणि माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. पिशवीत फराळाचा डबा आणि पाच कागद घेऊन मी घरी आले होते. त्या पाच कागदांवर बावन्न चौकोन होते. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक काळा ठिपका आणि खाली नंबर.

"हे एवढेसे तारे?"

"एक ठिपका म्हणजे एक तारा नाही, आप्पा. लाखो तारे. गोल गुच्छ असतो त्यांचा, खूप म्हातारा."

"बुंदीचा लाडू."

"तसंच समजा. आपल्या आकाशगंगेभोवती असे दीडशेच्या वर आहेत. हे मात्र फार लांबचे. दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे, तिथले. दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेला उजेड अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपला, त्याचं हे चित्र."

आप्पांनी कागद जरा लांब धरला, जणू इतक्या जुन्या वस्तूला हात लागू नये. मागच्या गल्लीत एक सतारमेकर दुपारभर एकच तार छेडायचा, थांबायचा, काहीतरी घासायचा, पुन्हा तीच तार छेडायचा. लहानपणापासून माझ्या सगळ्या दुपारी त्या आवाजात बुडालेल्या. त्या दिवशीही तो चालू होता आणि मला वाटत होतं, मी कधी पुण्याला गेलेच नाही, इथेच झोपून हे सगळं मनात रचते आहे.

"आणि हे बावन्न कशाला निवडलेस?"

मी याचीच वाट बघत होते. गेले दोन महिने भेटेल त्याला मी हे सांगत होते. त्या समूहातल्या दोन थोरल्या दीर्घिकांच्या मध्ये नुसता काळोख आहे, काही नाही. निदान सगळे तसं समजत होते. पण मला तिथे गुच्छ सापडले होते. एकामागे एक, किंचित वाक घेऊन, या दीर्घिकेपासून त्या दीर्घिकेपर्यंत. मी त्यांना मनातल्या मनात 'माळ' म्हणत होते.

"तिथं पूर्वी एक छोटी दीर्घिका असणार," मी म्हणाले. "दोघींच्या ओढाताणीत ती फाटली, तिचे तारे विरून गेले. गुच्छ घट्ट असतात, ते टिकतात. म्हणजे ती आता कुठंच नाही, पण तिचे गुच्छ तिच्या वाटेवर पडून आहेत. त्यांच्यावरून कळतं की ती होती."

"पोरकी म्हणायची," आप्पा म्हणाले.

"हो. माझा सगळा प्रबंध या माळेवर आहे. सोमवारी पेपर पाठवायचा. पण मॅडमचा नियम आहे."

सबनीस मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्यांच्या गटात एक पद्धत होती, तिला आम्ही 'निवडणं' म्हणत असू, तांदूळ निवडतात तसं. कॉम्प्युटरने कितीही शोधून दिलं तरी प्रत्येक ठिपका कागदावर छापायचा आणि दोन माणसांनी वेगवेगळं बसून बघायचा. दोघांची खूण असेल तोच यादीत. माझ्या खुणा झाल्या होत्या, बावन्नच्या बावन्न. दुसरे डोळे कौस्तुभचे असणार होते, पण तो डेंग्यूने आडवा होता. मॅडम म्हणाल्या होत्या, कुणीही शहाणं माणूस चालेल, फक्त तू काही सांगायचं नाहीस. कचरा वाटला तर काट मारायची, बास.

"मी शहाणा आहे होय?" आप्पांनी विचारलं.

"डोळा नवीन आहे."

त्यांना ते आवडलं. त्यांनी माळ्यावरून जुनी भिंगाची डबी काढायला लावली, पाटावर वर्तमानपत्र पसरलं आणि मला स्वयंपाकघरात पिटाळलं.

दीड तासाने चहा घेऊन आले तर पाचही कागद कात्रीने कापलेले. चौकोन सुटे झाले होते आणि वर्तमानपत्रावर त्यांचे दोन ढीग होते, एक लहान, एक मोठा. मोठ्या ढिगावर त्यांनी अडकित्ता ठेवला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"कापायला कुणी सांगितलं होतं? नुसती खूण करायची होती."

"एकाशेजारी एक धरल्याशिवाय कळत नाही. बस." त्यांनी लहान ढीग माझ्याकडे सरकवला. "ही पंधरा कॅमेऱ्यानं आलेली आहेत." मग अडकित्ता उचलला. "आणि ही सदतीस कुणीतरी हातानं लावलेली आहेत."

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं ते थट्टा करताहेत.

"लावलेली म्हणजे?"

"लावलेली म्हणजे लावलेली. स्पॉटिंग केल्यागत, फोटोवरचे डाग ब्रशनं बुजवतात तसं. ब्रश तोच, हात तोच. हे बघ की." त्यांनी चार चौकोन ओळीने मांडून भिंग माझ्या हातात दिलं. "प्रत्येकाला खाली उजव्या अंगाला बारीक शेपूट आहे. दिसली? आता दुसरा घे. तीच शेपूट. तिसरा घे. कॅमेऱ्यानं आलेला ठिपका मध्यावर एक असतोय, कडेला गेला की जरा ओढल्यागत होतोय. ही पंधरा बघ, एकासारखं एक नाही. माणसाच्या तोंडावरचे तीळ कधी एका मापाचे असतात काय?"

"आप्पा, ही दुर्बीण आहे. तुमचा रोलीकॉर्ड कॅमेरा नव्हे."

"काच ती काचच."

मला राग आला. आता सांगताना लाज वाटते, पण फार राग आला. दोन वर्षं मी त्या चित्राशी झुंजत होते आणि हे मोतीबिंदू काढलेले गृहस्थ दीड तासात माझी माळ तोडून ढीग करून बसले होते. "तुम्ही आयुष्यभर लोकांची मुरमं पुसलीत म्हणून आकाशातलं कळायला लागलं का?" असं मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, भिंग डबीत ठेवलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

मागे तार वाजत होती. मी चौकोन गोळा करायला लागले आणि ते अर्धवट टाकून पिशवीतली वही काढली. कारण ठिपके लावणारं एक माणूस मला माहीत होतं.

हे सांगितलं पाहिजे. आमच्या कामात चित्रात मुद्दाम खोटे गुच्छ लावतात. फसवायला नव्हे. खूप लांबचे, फिकट गुच्छ आपल्याला दिसतच नाहीत, आणि किती दिसले नाहीत ते कळायला दुसरा मार्ग नसतो. म्हणून कॉम्प्युटरवर खोटे गुच्छ तयार करायचे, चित्राच्या प्रतीत सोडायचे आणि मग ते अनोळखी असल्यासारखे शोधायचे. शंभर लावले आणि साठ सापडले, तर खऱ्यांतलेही शंभरात चाळीस आपल्या नजरेतून सुटले असणार. काम झालं की ती प्रत फेकून द्यायची.

मी जूनमध्ये हे केलं होतं. दोन दीर्घिकांच्या मधल्या काळोखात आपल्याला कुठवर दिसतं ते बघायला, नेमक्या त्या पट्ट्यात. सगळ्यांचा साचा एकाच ताऱ्यावरून घेतला होता, कारण घाई होती.

वहीत लिहिलेलं सापडलं. 'पट्ट्यात चाळीस लावले. अडतीस सापडले. छान.' खाली मी एक हसरा चेहराही काढला होता. जुलैमध्ये माझ्या मशीनची डिस्क गेली, ऑगस्टमध्ये जुन्या साठ्यातून चित्र परत उतरवलं, आणि तेव्हा मूळ चित्र आणि खोटे लावलेली प्रत, या दोन फाइलींतली कुठली उचलली ते मी तपासलं नव्हतं. नावात एका आकड्याचा फरक होता. लावलेल्यांची यादी वेगळ्या फोल्डरमध्ये राहिली होती, ती डिस्कबरोबर गेली असं मी धरून चालले होते.

डोंगल लावून मी संस्थेचा सर्व्हर उघडला. यादी तिथेच होती, जूनपासून कुणी हात न लावलेली. एकेक जागा जुळवायला संध्याकाळचे सहा वाजले. आप्पांनी दिवा लावला आणि न विचारता माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. बावन्नातले अडतीस माझेच निघाले. मीच लावलेले, मीच शोधलेले, आणि दोन महिने मीच त्यांच्या प्रेमात पडून फिरत होते.

"अडतीस आहेत," मी म्हणाले. "तुम्ही सदतीस काढलेत."

आप्पांचा चेहरा पडला. "एक सुटला? कुठला?"

मी दाखवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, बराच वेळ. "याच्यावर चित्रातला खरा ठिपका पडलाय, शेपूट झाकली," ते पुटपुटले. त्यांना त्या एकाचंच वाईट वाटत होतं. मला रडू फुटलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की या घरात आज आणखी काहीतरी गेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना फोन केला. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. मी एवढंच सांगितलं की माळ नाही, माळ मीच लावली होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "किती उरले?"

"चौदा."

"ओळीत आहेत?"

"नाही. विखुरलेले आहेत. पण दोन्ही दीर्घिकांपासून लांब आहेत, मॅडम. कुणाचेच नाहीत."

"खरे आहेत ना?"

"हो."

"मग चौदांचा पेपर लिही. बारीकसा होईल, होऊ दे. शिष्यवृत्तीचं मी बघते, सहा महिने मागून घेऊ." मग म्हणाल्या, "स्वरूपा, ठिपके लावले ही चूक नव्हे. आपण सगळेच लावतो. यादी सोबत ठेवली नाहीस, ती चूक. लावलेल्याच्या शेजारी लावलेला म्हणून लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर वर्षभरानं लावणाऱ्यालाच तो खरा वाटतो." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "दुसरे डोळे कुणाचे होते?"

"वडिलांचे."

"त्यांना विचार, आमच्याकडे येतील का."

मी ते आप्पांना सांगितलं तेव्हा ते ओट्याशी भाकरी थापत होते. त्यांनी मान हलवली, हसले नाहीत. मी त्यांना खोट्या गुच्छांचं सगळं सविस्तर सांगितलं, कशासाठी लावतात, कसे शोधतात. मॅडमचं यादीचं बोलणंही सांगितलं. भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे जे होतं पण दिसलं नाही, त्याच्यासाठी लावायचं," ते म्हणाले.

"तसंच."

त्यांनी हात धुतले, पंचाला पुसले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीवरचा फोटो उतरवला.

तो फोटो आईचा आणि माझा. मला कळायला लागल्यापासून तो तिथे होता. आई खुर्चीत बसलेली, अंबाड्यात अबोली, आणि तिच्या मांडीवर पाच-सहा महिन्यांची मी. आई मी लहान असताना गेली, एवढंच मला सांगितलं होतं. पहिली पाच वर्षं मला मावशीने वाढवलं, तीही तेवढंच म्हणायची. आईचं श्राद्ध अविधवा नवमीला व्हायचं, त्यामुळे तिची तिथी विचारायचा प्रसंगच कधी आला नाही. फोटोवरून मीच हिशेब केला होता, की निदान सहा महिने तरी मी तिच्याजवळ होते. शाळेत कुणी विचारलं तर मी अभिमानाने सांगायची, सहा महिने.

आप्पांनी फोटो खिडकीपाशी आणला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"आईच्या नाकाची सावली बघ. कुठं पडलीय?"

"उजवीकडे."

"तुझी?"

मी बघितलं. एकदा बघितलं, मग भिंग पुसून पुन्हा बघितलं. बाळाच्या नाकाची सावली डावीकडे पडली होती.

उजेडावर माझं पोट होतं. अब्जावधी वर्षांचा उजेड कुठल्या बाजूने आला ते मी सांगू शकत होते. आणि ही सावली मी कळायला लागल्यापासून बघत होते.

"तो फोटो तुझ्या मावशीच्या संजूचा आहे," आप्पा म्हणाले. "तुझ्या आईनं, कुमुदनं, त्याला मांडीवर घेतलं होतं, तू व्हायच्या दोन वर्षं आधी. तुझा फोटो मी सहाव्या महिन्यात काढला, तोंड त्यातलं बसवलं. चार रात्री लागल्या. तेव्हा डोळे चांगले होते, पण सावली कळली नाही. कळली असेल, बघायची नसेल. पट्टी काढून घरी आलो आणि पहिलं याच्याकडे बघितलं, तर सगळ्यात आधी तीच दिसली."

"आणि आई?"

"तू झाल्यावर अकराव्या दिवशी गेली. बाराव्या दिवशी तुझं बारसं होतं. ताप उतरतच नव्हता."

ते फोटोकडे बघूनच बोलत होते.

"स्टुडिओ दहा मिनिटांवर. मालक म्हणाले होते, कॅमेरा घेऊन जा, दोन फोटो काढ. मीच नको म्हटलं. बारशाच्या आधी बाळाचा फोटो काढू नये म्हणतात, नजर लागते. सगळ्यांना मी हेच सांगायचो, थांबा, बारसं होऊ दे, मग काढू. फोटोवाल्याच्या घरात फोटो नाही, असं झालं. तू मोठी होऊन विचारशील, मला कधी घेतलं होतं का तिनं? तर दाखवायला काही नको का? घेतलं होतं की. अकरा दिवस खाली ठेवत नव्हती. झोपायची पण तुला पोटावर घेऊन. मी बघितलंय. पण ते कशावर आलेलं नाही."

त्यांचा नवा डोळा आणि जुना डोळा, दोन्ही सारखेच वाहत होते. डॉक्टरांनी पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी पदराने त्यांचे डोळे टिपले असते, पण मला पदर नव्हता, ओढणीच्या टोकाने टिपले. माझे सहा महिने गेले होते आणि हातात अकरा दिवस आले होते. ते कमी आहेत असं मला त्या क्षणी वाटलं नाही. ते खरे होते.

"तुमच्यात काम झालं की लावलेलं पुसून टाकतात, म्हणालीस ना?" त्यांनी विचारलं. "हा काढून ठेवू मग?"

"नको."

"मग?"

"मॅडम काय म्हणाल्या?"

त्यांनी मग फोटो पालथा करून पाटावर ठेवला, माळ्यावरून काढलेल्या डबीतली जुनी पेन्सिल घेतली, ब्लेडने तिला तेच लांब टोक काढलं, पॉलिशच्या कागदावर दोनदा घासलं. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर त्यांनी अगदी बारीक अक्षरात लिहिलं. हात जराही हलला नाही. मागच्या गल्लीतली तार त्या दिवशी पहिल्यांदा सुरात लागली असावी, कारण ती पुन्हा पुन्हा छेडणं थांबलं होतं आणि कुणीतरी तिच्यावर सावकाश काही वाजवत होतं.

चौदा गुच्छांचा पेपर पुढच्या पावसाळ्यात छापून आला. आभाराच्या यादीत शेवटचं नाव आप्पांचं आहे. त्यानंतर माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी लावलेल्यांची यादी कशी ठेवायची ते शिकवते, आणि ते कंटाळतात.

आप्पा जाऊन आता तीन वर्षं झाली. फोटो माझ्या पुण्याच्या घरी आहे. वर्षातून एकदा, आई गेली त्या तारखेला, मी तो उतरवून पालथा करते. पेन्सिल अजून फिकट झालेली नाही.

'लावलेला,' असं तिथे लिहिलं आहे. त्याखाली तारखा आहेत, एकाखाली एक, अकरा. प्रत्येकीपुढे त्यांनी दोन खुणा केल्या आहेत, एक त्यांची, एक आईची.